प्रकल्प नोंदी: शून्यापासून एक रिझॉल्व्हर

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

जानेवारीत साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली आणि दोन दिवस नुसती भुताटकी चालली होती. मला नवी साइट दिसत होती, मित्राला जुनी. त्याच मित्राला मोबाइलवर नवी आणि लॅपटॉपवर जुनी. सेवा देणाऱ्यांना विचारलं तर ठरलेलं उत्तर आलं, "डीएनएस पसरायला ४८ तास लागतात, थांबा." (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था.) थांबलो. झालं आपोआप. पण नक्की काय पसरत होतं, कुठून कुठे, आणि ४८च तास का, हे कुणी सांगेना.

मार्चअखेर हीच साइट पुन्हा हलवायची आहे. त्याआधी हे प्रकरण एकदा मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. वाचून समजल्यासारखं वाटतं आणि चार दिवसांनी विसरतं, म्हणून रिझॉल्व्हर स्वतःच लिहिणार. नाव द्यायचं, पत्ता मिळवायचा. डीएनएसची कुठलीही तयार लायब्ररी वापरायची नाही. पायथन, एक सॉकेट, पोर्ट ५३, बस्स.

९ फेब्रुवारी

आज फक्त पॅकेट.

प्रश्नाचं पॅकेट वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं. सुरुवातीला १२ बाइटांचं शीर्षक, मग नाव, मग कुठल्या प्रकारचा रेकॉर्ड हवा त्याचा आकडा. ए (साधा पत्ता) म्हणजे १, एनएस (नावाचा कारभार कोणत्या सर्व्हरकडे ते) म्हणजे २, सीनेम (टोपणनाव) ५, एमएक्स (ईमेलचा सर्व्हर) १५, आयपीव्ही६ चा पत्ता २८. नंतर आलेला २८ सोडला तर १९८७च्या आरएफसी १०३५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) हे जसं छापलंय तसंच आजही चालतं.

नाव लिहायची पद्धत मात्र मजेशीर. टिंबं पॅकेटमध्ये जातच नाहीत. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहायची. एक्झाम्पल डॉट कॉम असेल तर ७ आणि पुढे सात अक्षरं, ३ आणि पुढे तीन अक्षरं, शेवटी ०. त्या शून्यावर बराच वेळ अडकलो होतो. मला वाटलं, ती नुसती 'नाव संपलं' अशी खूण असेल. ती खूण आहेच, पण ते शून्य लांबीचं, बिननावाचं नावही आहे, आणि तेच नावांच्या सगळ्या झाडाचं मूळ. म्हणजे प्रत्येक डोमेनच्या शेवटी एक टिंब असतं, जे आपण लिहीत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेवटी टिंब देऊन पाहिलं, बहुतेक साइट मुकाट्याने उघडल्या.

एका तुकड्यात जास्तीत जास्त ६३ अक्षरं, अख्खं नाव २५५ बाइटांत. ६३ हा आकडा कुठून आला ते उत्तर वाचताना कळलं, तेही आपटून. उत्तरातलं पहिलं नाव नीट वाचलं, दुसऱ्या नावाच्या जागी कचरा. लांबीच्या बाइटची वरची दोन बिटं १-१ असतील तर ती लांबी नसतेच, ते नाव पॅकेटमध्ये आधी कुठे येऊन गेलंय त्या जागेचा निर्देश असतो. तीच तीच नावं पुन्हा लिहून जागा वाया जाऊ नये म्हणून केलेली काटकसर. दोन बिटं त्यासाठी राखली की उरतात सहा, आणि सहा बिटांत मावतो जास्तीत जास्त ६३.

लगेच लक्षात आलं की एखाद्या खोडसाळाने स्वतःकडेच बोट दाखवणारा निर्देश पाठवला तर माझा प्रोग्राम जन्मभर गोल फिरत बसेल. निर्देश कायम मागच्याच जागेकडे हवा, अशी अट टाकली.

१५ फेब्रुवारी

कुणाला विचारायचं? नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर, पण त्या सर्व्हरचे पत्ते कोण सांगणार? इथे एकदाच लबाडी करावी लागते. रूट, म्हणजे त्या मुळाच्या, सर्व्हरांचे पत्ते प्रोग्राममध्ये लिहूनच ठेवायचे. प्रत्येक रिझॉल्व्हरच्या पोटात अशी एक छोटी यादी असते.

यादीत १३ नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. तेराच का, तर मूळच्या नियमानुसार यूडीपीने (एका पॅकेटात आटोपणाऱ्या पद्धतीने) आलेलं उत्तर ५१२ बाइटांच्या आत बसावं लागे आणि तेवढ्यात तेरा नावं नि त्यांचे पत्ते आरामात मावत. ही १३ नावं १२ संस्था चालवतात, कारण ए आणि जे ही दोन्ही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहेत. 'अख्खं इंटरनेट तेरा यंत्रांवर चालतं' हे वाक्य मी स्वतः कुठेतरी ठोकून दिलेलं आठवतं. साफ चूक. नावं तेरा, यंत्रं जगभर पसरलेली हजाराच्या वर. एनीकास्टने एकच पत्ता अनेक ठिकाणी जाहीर केलेला असतो आणि पॅकेट त्यातल्या त्यात जवळच्या ठिकाणी पोचतं.

१९८.४१.०.४, म्हणजे ए रूटला, एक्झाम्पल डॉट कॉमचा पत्ता विचारला. उत्तराचा रकाना रिकामा! पाच मिनिटं माझंच काही चुकलं असं वाटत होतं. मग खालचा रकाना पाहिला. तिथे कॉमच्या तेरा सर्व्हरांची नावं होती. रूटला पत्ता ठाऊक नाही, पण कॉम कोणाच्या ताब्यात आहे ते ठाऊक आहे. कॉमच्या सर्व्हरला विचारलं, त्यानेही पत्ता दिला नाही, एक्झाम्पलचे सर्व्हर दाखवले. तिसऱ्या दाराशी पत्ता मिळाला.

सगळं जमलेलं यंत्र कुठेच नाही. 'मला माहीत नाही, पण अमक्याला विचार' एवढंच प्रत्येकजण सांगतो, आणि ते सांगण्याचा अधिकार त्याला वरच्याने दिलेला असतो. याला डेलिगेशन म्हणतात. मराठीत मला 'सोपवणूक' बरा वाटतो, पण नोंदीत डेलिगेशनच लिहीन, नाहीतर महिन्याभराने माझं मलाच कळणार नाही.

नाव आपण डावीकडून वाचतो, रिझॉल्व्हर उजवीकडून. आयपी पत्त्यात उलट, तिथे मोठा भाग डावीकडे. त्यामुळे पत्त्यावरून नाव शोधायचं असेल तर पत्त्याचे चारही आकडे उलटे लिहून पुढे इन-ॲडर डॉट आर्पा जोडतात. ते आज जाता जाता करून टाकलं, दहा ओळीत.

१६ फेब्रुवारी

रविवारचे दोन तास पाण्यात. माझा रिझॉल्व्हर एक उत्तर देतो, संगणकाची नेहमीची व्यवस्था दुसरंच. तेही माझ्याच साइटच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावाबद्दल. अर्थातच माझा कोड चुकला असं धरून चाललो. एकेक बाइट कागदावर मांडला. कोड बरोबर होता. जानेवारीच्या धांदलीत जुन्या सर्व्हरवरचं काहीतरी ताडून पाहायला होस्ट्स फाइलीत एक ओळ घातली होती, ती काढायची राहिली होती. संगणक आधी ती फाइल बघतो, आणि तिथे नाव सापडलं तर डीएनएसकडे जातच नाही.

ही फाइल म्हणजे जुन्या काळाचं अवशेषच. डीएनएसच्या आधी, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर, सगळ्या यंत्रांची नावं होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाच्या एकाच फाइलीत असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते फाइलीत नोंद करणार आणि बाकीचे सगळे ती फाइल उतरवून घेणार. शेकड्यात यंत्रं होती तोवर चाललं. मग फाइल वाढली, उतरवणारे वाढले, एकाच नावावर दोघांचा दावा होऊ लागला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ लिहून यादी फोडली. प्रत्येकाने आपापली फांदी सांभाळावी, वरच्याने फक्त फांदी कोणाकडे आहे ते लक्षात ठेवावं.

आणि चाळीस वर्षांनीही ती फाइल आपली जागा राखून आहे. ओळ काढली.

२२ फेब्रुवारी

आज अनंत फेऱ्यांचा दिवस.

समजा एका डोमेनचा नेमसर्व्हर, म्हणजे त्यातल्या नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर, त्याच डोमेनच्या आत आहे. पत्ता हवा असेल तर नेमसर्व्हरला विचारा, आणि नेमसर्व्हरचा पत्ता हवा असेल तर... त्याच नेमसर्व्हरला विचारा. कुलपाची किल्ली पेटीच्या आत. म्हणून वरचा सर्व्हर डेलिगेशनसोबत त्या नेमसर्व्हरचा पत्ताही देतो. त्याला ग्लू म्हणतात, डिंक. शहाणपणा म्हणून मी उत्तराचा 'जास्तीची माहिती' हा रकाना वाचतच नव्हतो, कारण न विचारता दिलेल्या माहितीवर विश्वास का ठेवायचा? परिणाम, प्रोग्राम स्वतःलाच बोलावत बोलावत कोसळला.

पण माझी शंका अगदीच खुळी नव्हती. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवलेला हल्ला याच रकान्यातून होता. रिझॉल्व्हरला एखाद्या डोमेनमधलं अस्तित्वात नसलेलं नाव विचारायला लावायचं आणि खरं उत्तर यायच्या आत खोट्या उत्तरांचा मारा करायचा. खोट्या उत्तरात 'या डोमेनचा नेमसर्व्हर अमुक, पत्ता तमुक' असं जोडून द्यायचं. एक फेरी हुकली तर दुसरं बनावट नाव, मग तिसरं. प्रश्नाच्या पॅकेटवरचा क्रमांक जुळला की संपलं, आणि तो क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. संगणकासाठी चणेफुटाणे. तेव्हा घाईने केलेला उपाय असा की प्रश्न दरवेळी वेगळ्या पोर्टवरून पाठवायचा, म्हणजे हल्लेखोराला दोन आकडे एकदम ओळखावे लागतात.

हे वाचत असताना माझ्याच कोडकडे लक्ष गेलं. मी प्रत्येक प्रश्नाला क्रमांक १ देत होतो. डिबगिंगला सोपं जातं म्हणून! लाज वाटून लगेच बदललं. ग्लू आता स्वीकारतो, पण ज्या सर्व्हरने दिला त्याच्या फांदीखालचा असेल तरच. कॉमचा सर्व्हर ऑर्गमधल्या नावाचा पत्ता सांगू लागला तर त्याचं ऐकायचं नाही.

रूटला अख्खं नाव सांगायचं कारण काय, हाही प्रश्न आला. त्याला फक्त कॉमशी देणंघेणं. २०१६ पासून यासाठी रीतसर पद्धत आहे, प्रत्येक पायरीवर लागेल तेवढंच नाव उघड करायचं. घातली. त्यात एक गंमत दिसली. काही सर्व्हर मधल्या पायरीवर 'असं नावच नाही' म्हणून मोकळे होतात, आणि त्याच पायरीखाली खरीखुरी नावं असतात. हे चूक आहे, पण असे सर्व्हर जगात आहेत, म्हणून शंका आली की पूर्ण नाव विचारून पुन्हा खात्री करायची, असं लाजिरवाणं कलम घालावं लागलं.

१ मार्च

सीनेम. म्हणजे 'हे नाव खरं त्या नावाचं टोपणनाव आहे, तिथे जा'. पुन्हा रूटपासून सुरुवात. आठ उड्यांनंतर नाद सोडायचा, अशी मर्यादा घातली. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा कुठलाही साधा रेकॉर्ड ठेवता येत नाही, आणि डोमेनच्या अगदी वरच्या नावाला एनएस आणि एसओए (डोमेनच्या कारभाराची मुख्य नोंद) ठेवावेच लागतात, म्हणून तिथे सीनेम चालत नाही. हा नियम माहीत नसल्यामुळे मागे एकदा माझं ईमेल बंद पडलं होतं. असो.

२ मार्च

मित्राने विचारलं, "हे सगळं ठीक, पण कॉम कोणाचं? तू दर वर्षी पैसे भरतोस ते कोणाला?"

रिझॉल्व्हरला याचं उत्तर लागत नाही, मला लागलं.

१९८४च्या आरएफसी ९२० मध्ये वरच्या पातळीची नावं ठरली: कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग. नेट मागून आलं. कॉममधलं पहिलं नाव १५ मार्च १९८५ला सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने घेतलं. देशांसाठी दोन अक्षरी नावं. कुठला प्रदेश देश आणि कुठला नाही, या वादात न पडता, तेव्हा नावांचा कारभार पाहणारे जॉन पोस्टेल यांनी देशांच्या संकेतांची आयएसओ ३१६६ ही तयार यादी उचलली. मला हा निर्णय सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत चतुर वाटतो. भांडायचं असेल तर यादी करणाऱ्यांशी भांडा! तरी अपवाद राहिलेच. ब्रिटन यादीत जीबी आहे, इंटरनेटवर यूके. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, एसयू आजही चालू आहे. युगोस्लाव्हियाचं वाययू मात्र २०१० मध्ये कापलं गेलं, आणि त्याखालची नावंही त्यासोबत गेली. तुवालू हा चिमुकला देश, पण त्याच्या वाट्याला टीव्ही ही दोन अक्षरं आली आणि त्याला त्यातून चक्क कमाई होते.

मुळाचा, म्हणजे रूटचा, कारभार १९९८ पासून आयकॅन ही संस्था बघते. २०१२ मध्ये नव्या वरच्या नावांसाठी अर्ज मागवले तर १,९३० आले. आज रूटच्या फाइलीत चौदाशेहून अधिक नावं आहेत, आणि तरीही अख्खी फाइल एका फोटोएवढ्या जागेत मावते.

माझे पैसे जातात रजिस्ट्रारकडे, म्हणजे विक्रेत्याकडे. तो त्यातला वाटा रजिस्ट्रीला देतो, जिच्याकडे फांदीची मूळ वही असते. कॉमची वही व्हेरिसाइनकडे. आणि मी 'डोमेन विकत घेतलं' म्हणतो ते खोटं आहे, ते भाड्याने असतं, एका वेळी फार तर १० वर्षांपर्यंत. मुदत संपली तर कॉममध्ये रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या पद्धतीने वाचवता येतं, मग ३० दिवस जादा पैसे मोजून, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं.

मित्र म्हणाला, "म्हणजे तू भाडेकरू आणि स्वतःला घरमालक समजतोस." बरोबर आहे. वर माझ्या पोटभाडेकरूंना, म्हणजे उपनावांना, मी कुणालाही न विचारता हवी तेवढी जागा देऊ शकतो. तीही डेलिगेशननेच.

एक गोष्ट मात्र खटकली. एखादं नाव पाहून, नोंदणी कुठल्या पातळीवर होते ते डीएनएसमधून कळत नाही. कॉममध्ये दुसऱ्या तुकड्यावर होते, को डॉट यूकेमध्ये तिसऱ्या. ब्राउझरला हे कळणं भाग आहे, नाहीतर एका साइटची कुकी अख्ख्या को डॉट यूकेला लागू होईल. तेव्हा मोझिलाने सुरू केलेली, स्वयंसेवकांनी सांभाळलेली एक यादी सगळे वापरतात. एकच फाइल, सगळ्यांनी उतरवून घ्यायची. म्हणजे फिरून होस्ट्स डॉट टीएक्सटीच!

८ मार्च

देवनागरी नाव देऊन पाहिलं. 'असं नाव नाही.' अपेक्षित होतं, मी सरळ यूटीएफ-८ बाइट पाठवले होते. प्रत्यक्षात डीएनएसमध्ये जातात ती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ. देवनागरी तुकडा पनीकोडने त्यात बसवतात आणि ओळख म्हणून पुढे एक्सएन आणि दोन रेघा लावतात. रूटला देवनागरी ठाऊकच नाही, रूपांतर ब्राउझर करतो.

पायथनमध्ये याचं रूपांतर आधीच असल्यामुळे नियम थोडा मोडून तेच वापरलं आणि तोंडघशी पडलो. चाचणीला शब्द घेतला 'दऱ्या'. परत फिरवून वाचला तर 'दर्या' आला. डोंगरातून थेट समुद्रात! कारण असं की आपला हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. माझ्या कळफलकाने दुसरा प्रकार टंकला होता. पायथनचं आतलं रूपांतर २००३च्या नियमांनी चालतं, आणि त्या नियमांत अदृश्य चिन्ह सरळ गाळतात. २००८च्या नियमांत हलन्तानंतर ते ठेवायला परवानगी आहे. म्हणजे दिसायला एकच असलेला शब्द, टंकला कसा आणि प्रोग्राम कुठल्या वर्षाचे नियम पाळतो यावर दोन वेगळी नावं ठरू शकतो. मराठीत नाव घेणाऱ्याने अर्धा र टाळलेला बरा.

९ मार्च

कॅश, म्हणजे मिळालेली उत्तरं साठवून ठेवणं. आणि जानेवारीचा उलगडा.

आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला माझा रिझॉल्व्हर रूटपासून धावत होता. असं सगळ्यांनी केलं तर रूटचं काही खरं नाही. म्हणून प्रत्येक रेकॉर्डवर टीटीएल असतो, किती सेकंद लक्षात ठेवायचं त्याचा आकडा. मी उत्तरं आकड्यासकट साठवू लागलो आणि कॉमकडून आलेल्या डेलिगेशनवर नजर पडली. टीटीएल १,७२,८००. ३,६०० ने भागलं. ४८.

खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

सेवेकऱ्याचा तो ४८ तासांचा मंत्र बहुधा इथूनच आलाय. पण पसरत काहीच नाही. नवा पत्ता जगभर कुणी वाटत फिरत नाही, तो विचारल्याशिवाय हलतही नाही. होतं ते उलट. ज्याने ज्याने जुनं उत्तर साठवून ठेवलंय तो ते आपापल्या वेळेला विसरतो. मित्राच्या मोबाइलमागच्या रिझॉल्व्हरने सकाळी विचारलं असेल, लॅपटॉपमागच्याने आदल्या रात्री. दोघांची घड्याळं वेगळी.

मग जानेवारीत मी पत्त्याचा टीटीएल आधीच ५ मिनिटांवर आणला होता, तो का उपयोगी पडला नाही? कारण मी एकाच दिवशी पत्ताही बदलला आणि नेमसर्व्हरही. नवा पत्ता फक्त नव्या नेमसर्व्हरवर लिहिला. ज्यांच्याकडे जुनं डेलिगेशन साठवलेलं होतं ते दर ५ मिनिटांनी इमानेइतबारे जुन्या नेमसर्व्हरकडे जात होते, आणि तो तितक्याच इमानाने जुना पत्ता देत होता. पाच मिनिटांचा टीटीएल जुन्या माणसाच्या तोंडून ऐकून काय फायदा!

'नाही' हे उत्तरही साठवलं जातं. हे आणखी एक दुखणं. नवं उपनाव तयार करायच्या आधीच, झालं का झालं का म्हणून विचारून पाहायची मला सवय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिझॉल्व्हर 'नाही' ऐकतो आणि एसओए रेकॉर्डमध्ये दिलेल्या मुदतीपर्यंत तेच सांगत राहतो. माझ्या झोनमध्ये, म्हणजे माझ्या डोमेनच्या नोंदींत, ती मुदत एक तास होती. उतावीळपणाची शिक्षा एक तास.

दुसऱ्या बाजूनेही कॅश किती महत्त्वाची ते २०२१च्या ४ ऑक्टोबरला दिसलं होतं. फेसबुकच्या जाळ्यात बिघाड झाला आणि त्यांच्या नेमसर्व्हरांकडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले. छोटे टीटीएल संपले आणि नावंही गेली. छोटा टीटीएल म्हणजे चपळाई, मोठा म्हणजे शिधा. दोन्ही एकदम मिळत नाही.

१६ मार्च

डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही करायची पद्धत. सगळं लिहायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, एक साखळी हाताने तपासायची एवढंच. रूटच्या किल्ल्या मागितल्या तर उत्तर अर्धवट आलं, कापल्याची खूण लावून. ५१२ बाइटांत मावेना. मग टीसीपीने (मोठी उत्तरंही पोचवणाऱ्या पद्धतीने) पुन्हा विचारायचा कोड लिहिणं आलं, जो मी तीन आठवडे टाळत होतो.

मोठ्या किल्ल्या दोन दिसल्या: २०३२६, जी २०१८च्या ११ ऑक्टोबरपासून सही करते आहे, आणि ३८६९६, जी या जानेवारीत दाखल झाली आणि अजून रांगेत उभी आहे. रूटवर सह्या १५ जुलै २०१० पासून होतात. रूट कॉमच्या किल्लीच्या ठशावर सही करतो, कॉम खालच्याच्या. रचना तीच, डेलिगेशनचीच, फक्त प्रत्येक सोपवणुकीवर शिक्का. मात्र हा शिक्का उत्तर खरं असल्याची ग्वाही देतो, ते लपवत नाही. वाटेतला कुणीही ते वाचू शकतो.

एक साखळी जुळली. माझ्या स्वतःच्या डोमेनवर सही नाही. यादीत टाकलंय.

२६ मार्च

स्थलांतराची तयारी. या वेळी अख्खा झोन आधी नव्या नेमसर्व्हरवर उतरवला आणि माझ्या रिझॉल्व्हरने दोन्हीकडे एकेक नाव विचारून ताडलं. दोन तफावती सापडल्या, दोन्ही ईमेलच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये, अवतरणचिन्हांचा घोळ. पत्त्याचा टीटीएल ८६,४०० वरून ३०० केला. जुना ८६,४०० ज्यांच्याकडे साठला असेल ते उद्या संध्याकाळपर्यंत विसरतील.

२९ मार्च, शनिवार

सकाळी ७:०० वाजता दोन्ही नेमसर्व्हरांवर पत्ता बदलला. डेलिगेशनला हात लावला नाही. जुन्या सर्व्हरची लॉग फाइल समोर उघडी ठेवली. ७:०५ पर्यंत ओघ निम्म्याच्या खूप खाली, ७:१० ला तुरळक. पाऊण तासानंतर फक्त काही बॉट, ज्यांना टीटीएलशी काही देणंघेणं नसावं.

मित्राला फोन केला, "काय दिसतंय?" "नवी." "लॅपटॉपवर?" "नवीच. का, काही बिघडलंय का?"

३१ मार्च

डेलिगेशन बदललं. दोन्ही नेमसर्व्हर एकच उत्तर देत असल्यामुळे कोण कोणाकडे जातोय याने काही फरक पडत नाही. ४८ तास आरामात होऊ देत.

५ एप्रिल

जुना सर्व्हर बंद करायला गेलो. शेवटची लॉग पाहिली तर एकजण अजून येतोय, बरोबर दर मिनिटाला, एका आठवड्यापासून, एकदाही न चुकता. बॉट म्हणावा तर फार शिस्तीचा. पत्ता ओळखीचा वाटला. माझाच निघाला. साइट चालू आहे की नाही ते बघायला मीच लिहिलेला छोटा प्रोग्राम, जानेवारीपासून अखंड चालू. सुरू होताना नाव विचारून पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि मग पुन्हा कधी विचारतच नाही. टीटीएल अनंत. आठवडाभर तो मला रोज सकाळी 'साइट व्यवस्थित चालू आहे' असा संदेश पाठवत होता, जुन्या सर्व्हरबद्दल.

नाव विचारायची ओळ लूपच्या आत सरकवली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. जुन्या सर्व्हरची लॉग दहा मिनिटं कोरडी राहिली. बंद केला.